लादी उखडलीच आहे, तर खाली रबर घाला

मे महिना आणि गणपती जवळ आले की रत्नागिरीत नाचणे, कुवारबाव, साळवी स्टॉपकडच्या इमारतींमध्ये ब्रेकर धडधडू लागतो. जुनी मोझॅक निघते, चकचकीत विट्रिफाइड बसते. परवानगी देताना सोसायटी विचारते ते ठरलेलं: काम किती वाजता थांबवणार, राडारोडा कोण उचलणार, डिपॉझिट भरलं का. नव्या लादीखाली काय घालणार, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

ब्रेकर चार-आठ दिवसांत थांबतो. त्यानंतर वर्षानुवर्षं वरची खुर्ची सरकलेली, नारळ फोडलेला, पोर धावलेलं खालच्या घरात ऐकू येतं. खाली अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर दुपारची झोप गेलीच. बोलणं किंवा टीव्हीचा आवाज हवेतून येतो, पाच इंची स्लॅब तो बऱ्यापैकी अडवतो. टाच आपटली की मात्र स्लॅबच थरथरतो आणि ती थरथर भिंतींतूनही उतरते. वर महागडा ग्रॅनाइट बसवला तरी फरक पडत नाही, कारण कडक थरावर आणखी एक कडक थरच चढतो.

उपाय एकच: लादी आणि स्लॅब यांच्यामध्ये लवचीक थर. स्लॅब उघडा झाला की तो साफ करून त्यावर रबराची किंवा कॉर्कची, याच कामासाठी मिळणारी मॅट अंथरायची. वर प्लास्टिकचा कागद, जाळी घातलेला कोबा आणि मग लादी. मॅटइतकीच महत्त्वाची कड. भिंतीलगत चारही बाजूंनी फोमची पट्टी उभी लावायची, म्हणजे कोबा आणि लादी भिंतीला कुठेच चिकटत नाहीत. स्कर्टिंगही लादीवर टेकवायचं नाही, बारीक फट ठेवून ती सिलिकॉनने भरायची. कुठे एका जागी सिमेंटचा गोळा मॅटच्या फटीतून स्लॅबला भिडला, तर आवाजाला वाट मिळते आणि सगळा खर्च वाया जातो. म्हणून कोबा ओतण्याआधी सोसायटीच्या माणसाने येऊन बघायला हवं. नंतर काही दिसत नाही. साध्या थर्माकोलवर भागवू नये. तो दबतो आणि लादी तडकते.

जुनी लादी आणि तिच्याखालचा थर काढल्यावर या सगळ्याला लागणारी उंची बहुधा मिळते. लादीवर लादी चढवली तर ती मिळत नाही, शिवाय स्लॅबवर वजन वाढतं. दोन इंच मसाला म्हणजे चौरस मीटरला सुमारे १०० किलो.

त्रास होतो तो खालचा माणूस मग स्वतःच्या पैशाने पीओपीचं छत करून घेतो. भिंतींतून येणारा आवाज त्याने थांबत नाही. हा खर्च त्याच्यावर पडणं मला अन्यायाचं वाटतं. आवाज जिथे निर्माण होतो तिथेच तो अडवायला हवा, आणि तेही लादी निघालेली असताना.

कायदा इथे फारसा कामी येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली निवासी भागाची मर्यादा, दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, परिसरासाठी आहे. वरच्या पावलांसाठी नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये ध्वनिरोधनावर स्वतंत्र विभाग आहे, पण संहिता मुळात मार्गदर्शक. इंग्लंडमध्ये २००३ पासून नव्या इमारतींत पोलादी हातोड्या आपटणारं यंत्र वरच्या मजल्यावर चालवून खालच्या घरात मोजतात, आणि ६२ डेसिबलच्या वर गेलेलं चालत नाही. अमेरिकेत कित्येक इमारतींच्या संघटना लादीखालच्या थराचं प्रमाणपत्र पाहूनच परवानगी देतात.

आपल्याकडे हे करण्याची जागा सोसायटीच आहे. फ्लॅटमध्ये फेरबदल करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्या आणि शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं काही करू नका, हे आदर्श उपविधींत आहेच. त्याच परवानगीपत्रात दोन ओळी वाढवायच्या: मॅट आणि कडेची पट्टी घालणं बंधनकारक, कोब्याआधी पाहणी आवश्यक. खर्च वाढेल हे खरं, पण एकूण कामाच्या मानाने तो थोडा आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. हा विषय सभेपुढे ठेवा म्हणून सचिवांना आजच लेखी द्या.