अश्वशक्तीचें स्तोम

मोटारींविषयीं अलीकडे आपल्याकडे जें लिहिलें आणि बोललें जातें, त्यांत एकच प्रश्न पुनःपुन्हां विचारलेला आढळतो : इंजिनाची अश्वशक्ति किती? गाडी कोणत्या रस्त्यावर चालणार, तिच्यावर भार किती पडणार आणि ती थांबणार कशी, हे प्रश्न विचारणारा मनुष्य अरसिक ठरतो. तरुणांच्या गप्पांत अमेरिकन 'मसल कार'चीं इंजिनें असतात. मालमोटारींचे शोकी युरोपांतील सातशें अश्वशक्तीच्या ट्रकांचीं चित्रें पाहून आपल्या ट्रकांना हिणवितात. आणि शनिवार-रविवार आला कीं लोणावळ्याच्या वाटेवर हें सर्व ज्ञान सायलेन्सर बदलून गर्जूं लागतें. या स्तोमाविरुद्ध आम्हांस कांहीं लिहावयाचें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मावळांतून कोकणांत उतरणारा बोरघाट ही इंजिनाची परीक्षा नसून ब्रेकाची परीक्षा आहे. आणि आम्हीं तयारी मात्र भलत्याच परीक्षेची चालविली आहे.

हा अश्वशक्तीचा आंकडा पूज्य कोठें झाला, हें प्रथम पाहूं. १९६४ सालीं पाँटिॲक कंपनीनें मध्यम आकाराच्या मोटारींत ३८९ घनइंचांचें, म्हणजे सुमारें ६.४ लिटरचें इंजिन बसवून 'जी. टी. ओ.' बाजारांत आणली, आणि तिच्यामागून अमेरिकेंत अशा मोटारींची रांग लागली. १९७० सालच्या शेवरोले शेव्हेल मोटारीचें सर्वांत मोठें इंजिन ४५० अश्वशक्तीचें म्हणून जाहीर झालें होतें. त्या देशांत लांबच लांब सरळ रस्ते होते, पेट्रोल स्वस्त होतें; तेथें तो शोक त्यांना शोभला असेल. परंतु त्या आंकड्यांत वारा किती भरलेला होता, तें लवकरच उघड झालें. तोंवर इंजिन हवेच्या गाळणीवांचून, गाडीच्या सायलेन्सरवांचून, नुसतें मोजणीच्या चौकटीवर चालवून त्याची शक्ति सांगत असत. १९७२ पासून तें गाडींत बसतें तसें, सर्व सरंजामासह मोजण्याची रीत पडली. आणि कॉर्व्हेट मोटारीचें ३५० घनइंची साधें इंजिन २७० वरून एकदम २०० वर उतरलें. इंजिन बहुतांशीं तेंच होतें; बदललें तें माप. बडा घर पोकळ वासा, तो हा असा.

आतां त्याच शेवरोलेची मावळांतील हकीकत पाहावी. जनरल मोटर्सनें तळेगांव दाभाडे येथें उभारलेला कारखाना २००८ सालीं सुरू झाला. तेथें कांहीं ४५० अश्वशक्तीच्या मोटारी निघाल्या नाहींत. तेथें निघालेल्या 'बीट' या लहान मोटारीचें डिझेल इंजिन एक लिटरहून कमी, ९३६ घनसेंटिमीटरांचें होतें, आणि त्याची शक्ति सुमारें ५७ अश्वशक्ति होती. २०१७ च्या अखेरीस कंपनीनें या देशांतील विक्री थांबविली, २०२० च्या डिसेंबरांत तळेगांवचें उत्पादनहि थांबलें, कामगारांचा तंटा न्यायालयापर्यंत गेला, आणि पुढें तो कारखाना ह्युंदाईनें घेतला. बोनेटवरील चिन्ह एकच; पण एका बाजारांत ४५० आणि दुसऱ्यांत ५७. रस्ता, इंधन, गिऱ्हाइकाची ऐपत आणि कायदा पाहून इंजिन बेतावें लागतें, हें कारखानदारास पक्कें ठाऊक असतें. ठाऊक नसतें तें आमच्या शोकी मंडळींस. २०१६ सालीं फोर्डनें 'मस्टँग' येथें आणली तेव्हां अमेरिकेंतील ४३५ च्या जागीं येथें सुमारें ३९५ च अश्वशक्ति मिळते, म्हणून केवढी हळहळ झाली! ज्या द्रुतगति मार्गावर सपाटीलाहि मोटारीस ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा आहे, तेथें या गेलेल्या चाळीस घोड्यांचें हे गृहस्थ काय करणार होते, तें मात्र कोणीं सांगितलें नाहीं.

पण मोटारींचें एक वेळ सोडून देऊं. खरा प्रश्न मालमोटारींचा आहे. आणि येथें प्रतिपक्षाचें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. २०१८ च्या जुलैमध्यें केंद्र सरकारनें ट्रकांची भारमर्यादा वाढविली. तीन आंसांच्या ट्रकाची २५ टनांची मर्यादा २८.५ टनांवर गेली, आणि सर्वांत मोठ्या ट्रॅक्टर-ट्रेलरची ४९ वरून ५५ टनांवर. अशा ५५ टनी ट्रेलरास आपल्याकडे पुष्कळदां ३०० अश्वशक्तीचें इंजिन असतें. म्हणजे टनामागें साडेपांच घोडे. उलट स्कॅनिया कंपनीनें २०२० सालीं ७७० अश्वशक्तीचा ट्रक काढला, आणि युरोपांत सामान्य मर्यादा ४० टनांची आहे. म्हणजे टनामागें एकोणीस. दर वीस मीटरांस एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर आपला ट्रेलर ताशीं वीस-बावीस किलोमीटरांनीं रांगतो, त्याच्या मागें रांग लागते, आणि मागून वेगानें येणारी मोटार त्याच्यावर आदळते. तेव्हां इंजिनें मोठीं करा, असें कोणी म्हणेल तर आम्ही त्यास मूर्ख म्हणणार नाहीं. भार वाढवितांना शक्तीचा विचार झाला नाहीं, ही उणीव आम्हांसहि मान्य आहे.

परंतु हा युक्तिवाद घाट चढून जातो आणि माथ्यावरच थांबतो. चढलेल्याला उतरावें लागतें. तोच ५५ टनी ट्रेलर त्याच उतारावरून ताशीं ४० किलोमीटरांच्या स्थिर वेगानें खालीं आणावयाचा, तर चाकांचें घर्षण वजा जातांहि सुमारें ३५० अश्वशक्ति अडवून धरावी लागते. वेग ६० झाला तर सव्वापांचशें. म्हणजे जें ओझें वर नेण्यास ३०० घोडे जुंपले, तेंच खालीं आणतांना त्याहून अधिक घोडे गाडीस मागून ढकलीत असतात, आणि हे घोडे कोणत्याहि जाहिरातींत मोजलेले नसतात. लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंतची उतरण साडेपांचशें मीटरांच्या आसपास आहे. एवढ्या उंचीवरून आलेल्या त्या ओझ्याची उष्णता सात-आठशें लिटर थंड पाणी उकळण्यास पुरेल. ती सर्व पायाखालच्या ब्रेकांतच घातली तर ब्रेकाचें अस्तर तापून निसटूं लागतें आणि पेडल कितीहि दाबलें तरी गाडी थांबत नाहीं. मग दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत 'ब्रेक फेल झाल्यानें' असे तीन शब्द छापून येतात. ब्रेकानें दगा दिला असें म्हणणें सोपें आहे. त्याच्याकडून त्याच्या शक्तीबाहेरचें काम करवून घेतलें, असें म्हणणें खरें आहे.

२६ जुलै २०२५ रोजीं मुंबईकडे उतरणाऱ्या एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले आणि त्यानें पुढील वीसच्या आसपास वाहनांस ठोकरलें. एका स्त्रीचा प्राण गेला, अनेक लोक जखमी झाले. अशा वेळीं सर्व रोष चालकावर येतो. डिझेल वाचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडून घाट उतरण्याची संवय कांहीं चालकांस आहे, हें खरें. आणि ती घातक आहे, कारण गिअर काढला कीं इंजिनाचा आपोआप मिळणारा अटकाव नाहींसा होतो. परंतु त्या वांचलेल्या डिझेलाचा हिशेब कोण मागतो? वेळेवर पोंचण्याची घाई कोणाची? घाटांतल्या शिंग्रोबाला नाणें टाकून पुढें जाणाऱ्या चालकाची श्रद्धा आम्हांस समजते. वाट दाखविणाऱ्या धनगराच्या स्मृतीस तो वंदन करतो. पण गाडीच्या ब्रेकावर खर्च करावयाचा सोडून सर्व भार त्या नाण्यावर टाकणारा धनी कोणत्या दैवताचा भक्त समजावा?

घाटाचें हें मर्म या जागीं कोणास ठाऊकच नव्हतें, असेंहि नाहीं. १८६३ सालीं बोरघाटांतून लोहमार्ग सुरू झाला, त्याचा चढ ३७ स एक असा होता. चढतांना मागून जादा इंजिन लावण्याची पद्धति आजहि कर्जतला चालू आहे; पण रेल्वेच्या इंजिनियरांनीं तेवढ्यावर समाधान मानलें नाहीं. उतारावर निसटलेली गाडी मुख्य मार्ग सोडून चढावर जाईल आणि आपोआप थांबेल, असे आडरूळ त्यांनीं ठेवले. उतरणाऱ्या गाडीनें ठराविक ठिकाणीं थांबून ब्रेकाची खात्री करून घ्यावी असा दंडक घातला. पुढें वीज आली. १९२८ पासून आलेलीं 'क्रोकोडाईल' इंजिनें उतरतांना आपल्या मोटारींतून वीज उत्पन्न करून ती तारेंत परत सोडीत. उतरणाऱ्या गाडीचें वजन असें चढणाऱ्या गाडीच्या कामीं येई. सुमारें शंभर वर्षांपूर्वीं खंडाळ्याच्या रुळांवर जें शहाणपण होतें, तें शेजारच्या डांबरी रस्त्यावर आजहि सक्तीचें नसावें, ही कोणती प्रगति?

कोणी म्हणेल, खोपोली ते कुसगांव असा तेरा किलोमीटरांचा नवा दुवा बोगद्यांतून आखलेला आहे; त्यानें घाटाचा प्रश्न सुटेल. बोगद्यानें अंतर कमी होतें, वळणें कमी होतात. उंची कमी होत नाहीं. सह्याद्रीचे साडेपांचशें मीटर कोणत्याहि कंत्राटांत वजा होत नसतात. दुसरे म्हणतील, आम्ही वेगाच्या आनंदाचे वैरी आहों. तसें नाहीं. ॲंबी व्हॅलीच्या बंद धांवपट्टीवर ज्या शर्यती झाल्या, तेथें सरळ पट्टी होती आणि समोरून येणारें कोणी नव्हतें. तेथें कोणीं हजार घोडे सोडले तरी आमची हरकत नाहीं. आमची हरकत आहे ती तोच खेळ सहल करून परतणाऱ्या कुटुंबांच्या मधोमध मांडण्यास. आणि ज्या स्कॅनियाच्या ७७० घोड्यांचें एवढें कौतुक होतें, त्यांच्या कौतुककर्त्यांनीं तेथील नियमहि एकदां वाचावे. युरोपांत ठराविक वर्गांच्या अवजड वाहनांस अशी कसोटी आहे कीं, पूर्ण भारानिशीं सात टक्के उतारावर सहा किलोमीटर, ताशीं ३० किलोमीटरांनीं, नेहमींच्या ब्रेकास स्पर्श न करितां तें वाहन सांवरलें पाहिजे. मोठ्या इंजिनाचा खरा उपयोग तेथें दिसतो : तें चढतांना ओढतें आणि उतरतांना आपल्या दाबानें अडवितें, आणि त्याच्या जोडीस रिटार्डर असतो. आमच्या मंडळींनीं त्यांतला अर्धाच धडा घेतला. जो गर्जतो तो.

म्हणून आमचें मागणें असें. अवजड वाहनाचा भार वाढविणाऱ्या सरकारनें त्या भारास पुरेसा रिटार्डर किंवा तत्सम साधन घाट उतरणाऱ्या प्रत्येक मोठ्या ट्रकास सक्तीचें करावें. रेल्वे थांबते तसें घाटमाथ्यावर ट्रकास थांबवून ब्रेक पाहावे, आणि थांबलेल्या वेळाचा भुर्दंड चालकाच्या माथीं मारूं नये. कारखानदारांनीं जाहिरातींत अश्वशक्तीशेजारीं तितक्याच ठळक अक्षरांत हेंहि छापावें कीं, पूर्ण भारानिशीं ही गाडी किती उतार किती वेळ सांवरून धरते. आणि मोटारींवर लिहिणाऱ्यांनीं शक्तीची स्तुति करण्यापूर्वीं हा दुसरा आंकडा मागून घ्यावा.

भीमथडीचीं तट्टें उंचीनें लहान होतीं. त्यांची ख्याति चिवटपणाची आणि अवघड वाटेवर पाय न चुकण्याची होती. या मुलखांतील माणसांस घोडा पारखण्याची विद्या नवी नाहीं. घोड्याचा वेग माळावर दिसतो आणि त्याची शिकवण लगाम खेंचल्यावर दिसते, हें मावळांत पूर्वीं पोरासोरांसहि कळत असे. आतां घोडे लोखंडाचे झाले आणि बोनेटखालीं शेंकड्यांनीं मावूं लागले, म्हणून लगाम अनावश्यक झाला नाहीं. उलट जितके घोडे अधिक, तितका तो बळकट हवा.