हक्क दिला, वाट कोण देणार?

पुण्यात कोणाची टवाळी करावयाची झाली की ‘याला येरवड्याला धाडा’ असे म्हणतात. मुंबईकर त्याच कामी ठाण्याचे नाव घेतात. ही थट्टा इतकी जुनी आहे की तिच्यात कोणाला काही वावगेही वाटत नाही. परंतु ज्याच्या घरात खरोखरच मनोरुग्ण आहे, अशा गरिबाला त्या येरवड्याच्या किंवा ठाण्याच्या दारापर्यंत पोहोचणे किती दुर्घट असते, याचा विचार थट्टेखोरांनी कधी केला आहे काय? त्यांचे एक वेळ सोडा. ज्यांनी तो विचार करावा म्हणून जनतेने त्यांना अधिकारपदे दिली, त्यांनी तरी तो केला आहे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे.

कायद्यापुरते बोलावयाचे तर या देशाने मनोरुग्णांना देण्यात हात आखडता घेतलेला नाही. इंग्रजी अमदानीतला १९१२ चा कायदा रोग्याला कोंडून इतरांना निर्धास्त करण्यासाठी होता. १९८७ च्या कायद्याने भाषा सौम्य केली. २०१७ साली संसदेने संमत केलेल्या आणि २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मात्र पायाच बदलला. त्याच्या अठराव्या कलमाने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. कोणाही मनोरुग्णाला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा त्याच्या राहत्या ठिकाणाजवळ मिळावी, असे हे कलम स्वच्छ शब्दांत सांगते. आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात सदैव विनामूल्य मिळाली पाहिजेत, असे सांगते. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्यापाशी तसे कार्ड असो वा नसो, आणि निराधार व बेघर माणसाला एक पैसाही न घेता उपचार मिळाला पाहिजे, असेही सांगते. इतके उदार शब्द आमच्या विधिग्रंथांत फार ठिकाणी सापडणार नाहीत.

आता या शब्दांशेजारी महाराष्ट्राचा नकाशा ठेवावा. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी मनोरुग्णालये. चारही इंग्रजांच्या काळातली. यांतले एकही मराठवाड्यात नाही, एकही खानदेशात नाही. गडचिरोली शहर नागपूरपासून पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास, आणि त्याच जिल्ह्यातील सिरोंचा गडचिरोलीच्याही पुढे सुमारे दोनशे किलोमीटर! १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे जिल्ह्याच्या गावी काही सोय झाली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मोलमजुरी करणाऱ्याला जिल्ह्याचे गाव तरी जवळ आहे काय? मनोरुग्ण एकटा जाऊ शकत नाही. म्हणजे तिकिटे दोन आणि बुडणारी मजुरी किमान एकाची. बिथरलेल्या माणसाला एस. टी.तून नेताना सहप्रवाशांच्या नजरा सोसाव्या लागतात त्या निराळ्याच. तेथे केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची रांग, मग औषधांची रांग. आणि हाती येतात थोड्या दिवसांच्या गोळ्या. त्या संपल्या की पुन्हा तीच यात्रा! छिन्नमनस्कतेसारख्या रोगात औषध महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे घ्यावे लागते. दोन फेऱ्या झाल्या, तिसरीला पैसे नव्हते, गोळ्या थांबल्या आणि रोग उलटला, ही गावोगावची कहाणी आहे. बीडकडचा ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतो तो पाच-सहा महिने परमुलखात असतो. त्याचे औषध त्याच्या मागोमाग फडावर जाण्याची कोणती व्यवस्था आम्ही केली आहे? आणि मग त्याच्या केसपेपरावर ‘रुग्ण पुन्हा आला नाही’ असा शेरा मारून आम्ही मोकळे होतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले; आणि निरनिराळ्या विकारांच्या रोग्यांपैकी ७० ते ९२ टक्के उपचारांवाचून होते. ते सर्वेक्षण ज्या बारा राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून येथे सारे आलबेल आहे, असे कोणी समजू नये. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतील २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या, आणि कोणत्याही राज्याचा आकडा याहून मोठा नव्हता. देशभरच्या या मृतांत चौथ्या हिश्शाहून अधिक रोजंदारीवर जगणारे होते. प्रत्येक आत्महत्येमागे मनोविकारच असतो, असे आम्ही म्हणत नाही. कर्ज आणि उपासमार यांवर गोळी निघालेली नाही. पण खचलेल्या माणसाला वेळीच बोलावयास जाणते माणूस मिळाले असते, तर यांतले कित्येक जीव वाचले असते, याविषयी आम्हांस शंका नाही.

दवाखाना दूर राहिला की माणूस जवळचे दार ठोठावतो, आणि ते बहुधा मांत्रिकाचे असते. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण होरपळून मेले. ते पळू शकले नाहीत, कारण त्यांना साखळदंडांनी जखडलेले होते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला आणि भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे-मारणे हा गुन्हा ठरविला. ते योग्यच झाले. परंतु मांत्रिकाचे दार बंद करणाऱ्या सरकारावर डॉक्टरचे दार उघडण्याची जबाबदारी दुप्पट येते.

बऱ्या झालेल्यांची दशा याहून करुण आहे. कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारीत नाही, एवढ्याच कारणावरून कोणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे याच अधिनियमाचे एकोणिसावे कलम सांगते. मग अशा माणसांनी जावे कोठे? त्यांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलविण्याची आमच्या राज्याची रीत ताबडतोब थांबवा, असे २०२१ साली सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले. महाराष्ट्राला ही गोष्ट भूषणावह खास नाही. दुसरीकडे, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून, बरे करून, त्यांची गावे शोधून घरी पोहोचविण्याचे काम कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रातून डॉ. भरत वाटवानी करीत आले. त्यासाठी २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एका संस्थेला जे साधते ते सरकारला अशक्य आहे, असे आम्ही कसे मानावे?

तज्ज्ञ अपुरे आहेत, हे सरकारी उत्तर आम्हांस ठाऊक आहे आणि ते खोटे नाही. पण प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना थोडे शिकविले तर नेहमीच्या मनोरुग्णांवर ते उपचार करू शकतात, हे कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात १९८० नंतरच्या दशकातच दिसून आले होते. जिल्हा कार्यक्रमाची उभारणी त्याच अनुभवावर झाली. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली मानस’ची सेवाही आहे. ती चांगली आहे; गरजूंनी तिचा निःसंकोच उपयोग करावा. परंतु दूरध्वनी धीर देतो, गोळ्या देत नाही. आणि आपण आजारी आहो हेच ज्याला उमगत नाही, तो दूरध्वनी करीलच कशाला?

म्हणून आमची मागणी साधी आहे, आणि तिच्यासाठी नवा कायदा नको. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मनोविकारांची औषधे बारमाही असावीत आणि ती कोठे नाहीत, याची यादी सरकारने दर महिन्यास प्रसिद्ध करावी. आठवडे बाजाराच्या दिवशी, जेव्हा गाव तालुक्यास येतेच तेव्हा, शिकविलेला डॉक्टर आणि समुपदेशक तेथे हजर असावा. स्थलांतरित मजुराला त्याच्याजवळच्या चिठ्ठीवर राज्यातील कोणत्याही सरकारी दवाखान्यात औषध मिळावे. कार्ड नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये. बऱ्या झालेल्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निवाऱ्याचे एक घर असावे. यांतील एकेका गोष्टीसाठी किती पैसा ठेवला आणि किती खर्च झाला, हे आरोग्यमंत्र्यांनी येत्या अधिवेशनात सभागृहासमोर मांडावे. मनोरुग्णांचा मोर्चा मंत्रालयावर येत नाही आणि त्यांच्या मतांची गणती कोणताही पक्ष करीत नाही, म्हणूनच हा जाब आम्ही विचारीत आहोत, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहू.