आईची खाट बाळाजवळ

सरकारी रुग्णालयातले नेहमीचे दृश्य. दीड किलोचे बाळ खालच्या मजल्यावर नवजात अतिदक्षता कक्षात, आई वरच्या वॉर्डात. पोटावरच्या टाक्यांवर हात धरून ती दूध द्यायला जिना उतरते. ‘बाळ स्थिर झाले की छातीशी देऊ,’ असे आम्ही डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत आलो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही तशीच होती.

हा समज मोडला तो पाच देशांतील पाच रुग्णालयांनी एकत्र येऊन. घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया यांच्याबरोबर दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. संघटनेच्या पुढाकाराने १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांचा अभ्यास झाला. एका गटातील बाळांना, स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवले. त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता कक्षात आणली. तिला शक्य नसेल तेव्हा घरातल्या दुसऱ्या कोणी बाळाला छातीशी धरले. दुसऱ्या गटात हेच स्थिर झाल्यावर केले. २८ दिवसांत पहिल्या गटात १२ टक्के, तर दुसऱ्या गटात १५.७ टक्के बाळे दगावली. म्हणजे साधारण २७ बाळांमागे एक जीव जास्त वाचला. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये संघटनेने शिफारस बदलली.

असा फरक सिद्ध करायला हजारो बाळे लागतात. एकट्या रुग्णालयाला ते जमत नाही. म्हणून भागीदारी हवी. पण आपण केवळ रुग्ण आणि नमुने पुरवणारे होता कामा नये. करार करताना तीन गोष्टी पाहाव्यात. संशोधनाचा प्रश्न आपल्या वॉर्डातला आहे का? माहितीच्या विश्लेषणात आपल्या डॉक्टर-परिचारिकांचा वाटा आहे का? आणि प्रकल्प संपल्यावर सिद्ध झालेला उपचार इथल्या बाळांना मिळणार का?

तिसऱ्या प्रश्नावर आपण अजून कमी पडतो. निष्कर्षात आपल्या देशातील बाळांचा वाटा आहे, तरी अनेक ठिकाणी आई अजून जिनाच उतरते आहे. जागा आणि परिचारिका वाढवाव्या लागतील, हे खरे. पण आईची खाट बाळाजवळ आणायला आता नव्या संशोधनाची गरज नाही.