अब्दुल हमीद स्टोअर सांभाळत होते

नगरच्या रणगाडा संग्रहालयात मी जवळजवळ दरवर्षी मुलांची सहल नेतो. (शहराचे नाव सरकारदरबारी आता अहिल्यानगर झाले आहे. आम्ही गावातले लोक आधीही नुसते 'नगर'च म्हणायचो.) १९६५ च्या युद्धात पकडलेला पॅटन रणगाडा आला की उर्दू शाळेतल्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. 'सर, यही टँक अब्दुल हमीद ने उडाया था क्या?' मी सांगतो, हा नाही, पण याचेच भाऊबंद. मुलांचे डोळे चमकतात आणि खरे सांगायचे तर माझी छातीही थोडी फुगते.

यंदा मात्र परत येताना मला जरा खटकले. आपण अब्दुल हमीदांचे नाव काढतो ते बहुतेक वेळा प्रमाणपत्रासारखे. कुणी आपल्या देशप्रेमावर शंका घेतली की खिशातून काढून दाखवायचे आणि परत ठेवून द्यायचे. सप्टेंबर १९६५ मध्ये त्या माणसाने नेमके काय केले आणि ते त्याला कसे जमले, हे आपण मुलांना सांगतच नाही.

गाझीपूर जिल्ह्यातल्या धामुपूरचे हे शिंप्याचे पोर १९५४ साली फौजेत भरती झाले आणि ग्रेनेडियर्स रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनमध्ये गेले. पुढे त्यांनी रणगाडाविरोधी तुकडीत पाच वर्षे काढली. मग बढती मिळाली आणि ते कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार झाले. म्हणजे काय, तर कंपनीचे कपडे, शिधा, सामान सांभाळणारा माणूस. युद्धाच्या वेळी हुद्द्याने ते स्टोअरवाले होते. पण १०६ मिलिमीटर रिकॉइललेस तोफेवर त्यांच्याइतका पक्का नेम बटालियनमध्ये दुसऱ्या कुणाचा नव्हता, म्हणून त्यांना पुन्हा त्या तोफेवर बोलावले गेले.

ही तोफ जीपवर बसते. गोळा सुटताना अर्धी ताकद वायूच्या रूपाने मागे फेकली जाते, म्हणून तिला धक्का नाही. पण त्याच कारणाने मागे एवढा जाळ आणि धुरळा उठतो की शत्रूला जागा लगेच कळते. तोफेवर एक छोटी बंदूक जोडलेली असते. आधी तिची गोळी झाडायची, ती कुठे लागली ते पाहायचे आणि मग खरा गोळा सोडायचा. सोडला की त्या जागेवरून जीप हलवायची. पंजाबात असल उत्तरच्या उसाच्या शेतांत, समोरून रणगाडे येत असताना हे सगळे काही सेकंदांत करायचे. धाडस हवेच, पण नुसत्या धाडसावर हे होत नाही. हात शेकडो वेळा त्यातून गेलेला असावा लागतो. १० सप्टेंबरला रणगाड्याचा गोळा लागून ते शहीद झाले, तेव्हा त्यांनी एकामागून एक पॅटन निकामी केले होते.

समोरचा पॅटन तर त्या काळातले अव्वल यंत्र. ९० मिलिमीटरची तोफ, अंतर मोजायचे दुर्बिणीसारखे साधन, नेमासाठी गणकयंत्र. आपल्याकडे सेंच्युरियन होते, पण त्यांच्या जोडीला दुसऱ्या महायुद्धातले शर्मनही होते. तरीही त्या रणांगणावर पाकिस्तानने सुमारे ९७ रणगाडे गमावले, असा भारतीय आकडा आहे. शेतांत पाणी सोडून चिखल केला होता, आपल्या तुकड्या घोड्याच्या नालेसारख्या दबा धरून होत्या, ही कारणे आहेतच. पण अमेरिकेकडून आलेले ते गुंतागुंतीचे यंत्र त्याच्या चालकांच्या हातात पुरते बसलेले नव्हते, हेही अनेक लष्करी अभ्यासकांनी नोंदवले आहे.

याचा अर्थ जुनीच शस्त्रे बरी, असा कुणी काढू नये. १९६२ मध्ये चिनी सैनिकांकडे अर्धस्वयंचलित रायफली होत्या आणि आपले जवान दर गोळीमागे बोल्ट ओढावी लागणारी .३०३ घेऊन बर्फात उभे होते. त्याची किंमत आपण मोजली आहे. अब्दुल हमीदांच्या हातातही काठी नव्हती.

आता आजचे. इन्सास ही ५.५६ मिलिमीटरची रायफल आपल्याच पुण्यात, पाषाणच्या संशोधन संस्थेत घडली. कारगिलच्या थंडीत ती अडकते, मॅगझिन तडकते, अशा तक्रारी झाल्या. त्यानंतर बदल व्हायला वीस वर्षे गेली. २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० सिग ७१६ मागवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ चा करार झाला, त्या अमेठीजवळ कोरव्याला बनतात. वर्तमानपत्रांत फोटो आले, आकडे आले, अभिमानाचे मथळे आले. उशिरा का होईना, चांगलेच झाले.

पण एका जवानाच्या जागी उभे राहून पाहा. तिन्ही रायफलींच्या गोळ्या वेगळ्या, एकीची दुसरीत चालत नाही. खांद्याला बसणारा धक्का वेगळा, दूर गेल्यावर गोळी किती खाली येते तो हिशोबही वेगळा. इन्सासचा सेफ्टीचा खटका डाव्या बाजूला, अंगठ्याखाली. एके-२०३ चा उजव्या बाजूला. इन्सास एका दाबात फार तर तीन गोळ्या सोडायची, एके बोट दाबून धरले तर मॅगझिन रिकामे करते. दहा वर्षे इन्सास हाताळलेल्या माणसाचा अंगठा अंधारात, घाबरलेल्या क्षणी, जुन्याच जागी जाणार. ती सवय मोडायला मैदानावरचे दिवस लागतात आणि सरावासाठी खऱ्या गोळ्या लागतात. प्रत्येक रायफल ज्याची त्याने स्वतःच्या डोळ्याला जुळवून, म्हणजे झिरो करून, घ्यावी लागते.

मी बी.एड. झालेला माणूस आहे, म्हणून मला हे जरा जास्तच दिसत असेल. माझ्या माहितीतल्या एका शाळेत भिंतीएवढा डिजिटल फळा आला, उद्घाटन झाले, नारळ फुटला. शिक्षकांचे प्रशिक्षण दीड तासाचे. आज त्या फळ्यावर परीक्षेचे वेळापत्रक चिकटवलेले असते. फळ्यावरची चूक पुसता येते.

आणि यात अग्निपथ आले. २०२२ पासून नवा जवान चार वर्षांसाठी येतो, त्यात सुमारे सहा महिने प्रशिक्षण. शंभरातले फार तर पंचवीस पुढे राहणार. अब्दुल हमीद फौजेत शिरले त्यानंतर जवळपास अकरा वर्षांनी त्यांचा तो दिवस उगवला. चौथ्या वर्षी घरी पाठवले असते तर? रायफलीच्या खरेदीवर आपण संसदेपासून चहाच्या टपरीपर्यंत बोलतो. दर जवानामागे सरावाच्या किती गोळ्या, अनुभवी शिकवणारे किती, यावर कुणी प्रश्न विचारल्याचे क्वचितच दिसते.

सरावाला जमीनही लागते. आमच्या नगरजवळच के. के. रेंज आहे, खारे कर्जुने गावाच्या नावावरून. तोफांचे आवाज ऐकत इथल्या पिढ्या मोठ्या झाल्या. ती वाढवायचा विषय निघाला की राहुरी-पारनेरकडच्या शेतकऱ्यांच्या पोटात गोळा येतो. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. नव्या रायफलीच्या किमतीत हा खर्चही धरायला हवा, आणि तो ज्यांच्याकडून घ्यायचा त्यांना आधी विचारायला हवे.

फौजेत शस्त्र शिकवणाऱ्याला 'उस्ताद' म्हणतात. आमच्या उर्दूतला हा शब्द ग्रेनेडियर, मराठा, शीख सगळ्यांच्या मैदानावर चालतो. हे मी मुलांना बसमध्ये सांगितले, तर मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, 'सर, मेरा भाई भी भरती को जा रहा.' तो भाऊ पहाटे पाचला मैदानावर धावतो, आणि लेखी परीक्षेसाठी संध्याकाळी माझ्याकडे गणिताला येतो. गेल्या आठवड्यात त्याने मला विचारले की रायफल नेमकी कधी हातात देतात. मी त्याला आधी शेकडेवारीची उदाहरणे संपवायला सांगितली.