पहिला गण, दुसरा गण आणि पूर्णेची माती

दर्यापूर, अकोट, तेल्हारा भागातल्या कित्येक विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. पूर्णेच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेला हा खारपाणपट्टा. आवर्तसारणीवरचा हा अंक म्हणूनच इथून सुरू करतो आहोत.

दहावीच्या पुस्तकात सोडिअम गण १ मध्ये, कॅल्शिअम गण २ मध्ये. सोडिअम बाहेरचा एकमेव इलेक्ट्रॉन सहज सोडतो. धातूचा तुकडा पाण्यात पडला की एवढी उष्णता निघते की हायड्रोजन पेटू शकतो. इलेक्ट्रॉन गमावलेला आयन मात्र शांत असतो, आणि आपल्या काळ्या मातीला छळतो तो हाच. त्याचा धनप्रभार एक. चिकणमातीचे कण त्याला धरून ठेवता येत नाहीत. कण सुटतात, छिद्रं बुजतात, पाऊस मुरत नाही, आणि जमीन वाळली की ढेकळं फुटत नाहीत. कॅल्शिअमचा प्रभार दोन, म्हणून कण एकत्र राहतात. जिप्सम (कॅल्शिअम सल्फेट) घालायचं ते यासाठी: कॅल्शिअम सोडिअमची जागा घेतो, सोडिअम सल्फेट पाण्याबरोबर वाहून जातं. निचऱ्याला चर नसेल तर जिप्समचा खर्च वाया जातो, हे शेतकऱ्याला स्पष्ट सांगायलाच हवं.

सोडिअमच्या निमित्ताने आलेला उष्णतेचा धडाही घरचाच. फवारणीसाठी युरिया विरघळवला की बादली गार पडते. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की वाफ उठते.

शिक्षकांना विनंती: गण पाठ करून घेण्याआधी खारपाणपट्ट्यातली मूठभर माती वर्गात आणवा. दोन पेल्यांत ती ढवळा, एकात चिमूटभर जिप्सम टाका. त्या पेल्यातलं पाणी आधी निवळेल.