खीर एका दिवसाची, निवारा रोजचा

१४ एप्रिलच्या रात्री आमच्या वॉर्डातल्या बेघर निवाऱ्यात चार मंडळे येऊन गेली. एकाने खीर-पुरी वाटली, दुसऱ्याने पुलाव आणि पुन्हा खीर, तिसऱ्याने केळी-बिस्किटे. चौथे मंडळ पोहोचले तेव्हा मुले झोपली होती. त्यांना उठवून निळ्या टोप्या घातल्या, हातात वाट्या दिल्या आणि फोटो काढले. दुपारी मोठ्या पातेल्यात रांधलेली खीर एप्रिलच्या उकाड्यात रात्री साडेनऊपर्यंत टिकेल का, हे कुणाच्या डोक्यात आले नाही. सकाळी पाच मुलांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. सव्वा वर्षाच्या एका मुलीला सलाईन लावावी लागली. त्या चार मंडळांत एक आमचेही होते, म्हणून हे लिहिते आहे.

मुलगी तीन दिवसांत सावरली. तिला बघायला गेले तेव्हा तिची आई म्हणाली, "ताई, खीर नका आणू. हिचं लशीचं कार्ड झोपडी तुटली तेव्हा गेलं. तेवढं करून द्या." ते कार्ड पुन्हा करून घ्यायला मला तीन फेऱ्या आणि एक अर्ज लागला. खर्च शून्य. चार मंडळांनी त्या रात्री मिळून किती हजार रुपये घातले असतील, हिशेब तुम्हीच करा.

निवाऱ्यात कोण राहते याबद्दल आपल्या वस्तीत एक समजूत आहे: दारुडे, भिकारी, घर सोडून पळालेले. एकदा संध्याकाळी जाऊन बसा. झोपडी तुटलेले कुटुंब असते. भाडे थकल्यावर मालकाने सामान बाहेर काढलेले असते. मराठवाड्यातून बांधकामावर आणून ठेकेदाराने वाऱ्यावर सोडलेले नवरा-बायको असतात. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दोन लेकरे घेऊन निघालेली बाई असते. यातले पुष्कळजण सकाळी सातला नाक्यावर उभे असतात, काम मिळाले तर दिवसभर राबतात. आडनावे विचारली की आपले कान टवकारतात. पारधी आहेत, भटके-विमुक्त आहेत, मुसलमान आहेत, आणि आपलेही आहेत. "ते आपले नाहीत" असे म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी. अर्थात यादीत आपले एकही आडनाव नसते, तरी माझे म्हणणे बदलले नसते.

२०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ५७ हजार माणसे बेघर म्हणून मोजली गेली. रस्त्यावरची माणसे रात्रीत मोजणे किती अवघड असते हे ज्यांनी मोजले त्यांना विचारा. खरा आकडा मोठाच असणार. सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या अधिकाराचा खटला चालू होता, त्यातच २०१० साली शहरी निवाऱ्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे २०१३ पासून राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांची योजना आली. तिचे माप सरळ होते: शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची, बारमाही निवाऱ्याची सोय. मुंबईची २०११ ची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे असे सव्वाशे निवारे हवेत. त्याच्या जवळपासही आपण नाही. जे आहेत त्यांतही एकट्या पुरुषांचे आणि मुलांचे जास्त. नवरा, बायको, मुले, म्हातारी सासू असे सगळे एकत्र राहू शकतील असे फार थोडे.

याचा परिणाम तब्येतीवर कसा होतो ते सांगते. मला माहीत असलेल्या एका बाईला बायकांच्या निवाऱ्यात जागा मिळाली, पण तिच्या तेरा वर्षांच्या मुलाला तिथे घेता येत नव्हते. मुलाला मुलांच्या निवाऱ्यात पाठवा, नवऱ्याला पुरुषांच्या, असे सांगण्यात आले. तिघांना तीन टोकांना पाठवायचे तिला पटले नाही. ती सगळ्यांना घेऊन उड्डाणपुलाखाली राहिली. जुलैत धाकट्या बाळाला न्यूमोनिया झाला. बाळ वाचले, कारण शेजारच्या चहावाल्याने १०८ ला फोन लावला. (बाळाचा श्वास भराभर चालत असेल, श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर काढा-वाफ करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. हे आपल्या घरांनाही तितकेच लागू आहे.) त्या आईला सगळे अडाणी म्हणाले. मी म्हणत नाही. कुटुंब फोडून मिळणारे छप्पर तुम्ही-आम्ही तरी घेतले असते का?

निवाऱ्यात जागा मिळालेल्या कुटुंबाचे दुखणे बहुतेक वेळा औषधाअभावी वाढत नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. अडते ते पत्त्यापाशी. बाळाच्या लशी जन्मल्यावर, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी, मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर, मग दीड वर्षाच्या सुमारास. एवढ्या काळात हे कुटुंब तीन ठिकाणी हललेले असते. आरोग्यसेविका घरोघरी फिरते, पण हिला घरच नाही, तर हिचे नाव कुणाच्या वहीत? टीबीचे तसेच. साध्या टीबीचे औषध सहा महिने, एक दिवसही न चुकवता घ्यायचे असते. मध्येच सुटले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि उपचार लांबतो. रुग्णाला पोषण आहारासाठी सरकारकडून महिन्याला १००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते. पण ते बँक खात्यात येतात. खात्याला आधार, आधारला पत्ता. मोबाइल चोरीला गेला की टीबीच्या कर्मचाऱ्याचा फोनही लागत नाही, आणि कागदावर तो माणूस 'उपचार सोडून गेलेला' ठरतो. तो गेलेला नसतो, तिथेच मागच्या रांगेत झोपलेला असतो.

२३ सप्टेंबरला आपण संकल्प दिन पाळतो. १९१७ साली बडोद्यात काय घडले ते आपल्या पोरासोरांनाही पाठ आहे. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना खोली मिळेना. ते पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारश्यांनी त्यांना बाहेर काढले. इथवर सगळे सांगतात. त्याच दिवशीची पुढची गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे, ती आपण भाषणात भरभर उरकतो. बाहेर पडण्यापूर्वी त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला होता. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही शिवी दिली नाही, लाठी उगारली नाही. एक म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायको घरी नाही, तिला विचारल्याशिवाय कसे ठरवू? मग बाबासाहेब सार्वजनिक बागेत जाऊन बसले, रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघत.

मला हल्ली त्या लाठीवाल्यांपेक्षा या दोन मित्रांची आठवण जास्त येते. कारण विहाराच्या बैठकीत निवाऱ्याचा विषय काढला की आमच्याकडेही अशीच सभ्य कारणे निघतात. "ताई, त्यांना टीबी असतो, आपली लेकरं येतात विहारात." टीबी असू शकतो, खरे आहे. पण औषध नियमित सुरू झाले की बहुतेकांपासून लागण होण्याचा धोका काही आठवड्यांत खूप कमी होतो. धोका आहे तो तपासणी न झालेल्या खोकल्याचा, आणि तो आपल्या चाळीतही खोकतोच आहे. "वर्गणीतून दुसऱ्यांवर खर्च केला तर लोक विचारतील." विचारू देत. "महापालिकेचं काम आहे ते." हे मात्र बरोबर आहे, त्याकडे शेवटी येते.

मग करायचे काय? मी महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून पुष्कळ वर्षे काढली, त्यावरून एवढे सांगते की अशा कुटुंबाला एकटी कुठलीच संस्था सांभाळू शकत नाही. निवारा चालवणाऱ्या संस्थेकडे छप्पर आणि एक-दोन काळजीवाहक असतात. आरोग्य केंद्राकडे लस आणि औषध असते, पण सोबत जायला माणूस नसतो. अंगणवाडीताईकडे आहार असतो, तिच्या यादीत निवारा नसतो. शाळेत जागा असते. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिले आहे, पण मुख्याध्यापकांसमोर ते ठामपणे बोलणारे कुणी बरोबर नसते. या चौघांच्या मधली जागा रिकामी आहे. आपल्या विहाराकडे नेमके तेच आहे जे या चौघांकडे नाही: संध्याकाळी मोकळी असणारी, लिहिता-वाचता येणारी, साहेबासमोर न घाबरणारी माणसे. महिला मंडळाच्या बायकांना रेशन ऑफिसची खिडकी तोंडपाठ असते. या कामात हीच गोष्ट उपयोगाची.

सुरुवात विचारण्यापासून करावी. निवाऱ्याच्या व्यवस्थापकाला आणि तिथे राहणाऱ्या बायकांना विचारावे की काय हवे आहे. उत्तर क्वचितच जेवण असेल. नंतर एक वार ठरवावा. आमचा गुरुवार आहे. दोन बायका आणि एक मुलगा, तासभर, हातात एक वही. वहीत पाच वर्षांखालच्या मुलांची नावे, पुढच्या लशीची तारीख, दंडाचा घेर. अंगणवाडीताईकडून ती रंगीत पट्टी मागून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित आहे, त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यायचे. गरोदर बाई असेल तर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, त्या दिवशी कुणीतरी तिच्यासोबत जावे. जुलाब लागलेल्या मुलाला ओआरएस आणि चौदा दिवस झिंकची गोळी. जुलाब थांबले की आया गोळी बंद करतात, म्हणून पुढच्या गुरुवारी विचारावे लागते. टीबीच्या रुग्णाने परवानगी दिली तर त्याच्या कार्डावर दुसरा संपर्क म्हणून आपल्यापैकी एकाचा नंबर द्यावा. परवानगी नसेल तर त्याचा आजार विहाराच्या पायरीवरही बोलायचा नाही. या बाबतीत आपण फार सैल आहोत.

आणि पत्त्याचे. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र आधारसाठी चालते. हे अनेक व्यवस्थापकांनाही ठाऊक नसते. नमुना छापून त्यांच्या टेबलावर नेऊन द्या. आमच्या निवाऱ्यात एका टीबीच्या रुग्णाचे खाते असेच उघडले गेले. पैसे आले तेव्हा त्याचे चार महिने उलटून गेले होते, पण उपचार त्याने पुरे केले.

जेवण द्यायचेच असेल तर व्यवस्थापकाकडे एक तक्ता लावा. जयंतीच्या दिवशी चार मंडळे आणि नंतर महिनाभर कुणी नाही, असे होऊ नये. ताजे, गरम, दोन तासांच्या आत खाल्ले जाईल असे. उकाड्यात दुधाचे नको. मुलांचे फोटो तर नकोतच. ती मुले उद्या आपल्याच पोरांच्या वर्गात बसणार आहेत.

तथागतांनी जुलाबाने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदासोबत स्वतः न्हाऊ घातले, ही गोष्ट महावग्गात आहे. सोबतचे भिक्खू त्याच्याकडे का बघत नव्हते? तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता म्हणून. हे त्यांनी तथागतांना तोंडावर सांगितले. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने आपल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते, माणसे आपोआप जमतात, आणि पावसाळ्यातच निवारे सर्वांत भरलेले, ओले आणि आजारी असतात. गुरुवार ठरवायला याहून सोयीचा काळ नाही.

आता महापालिकेकडे. आपण वही धरली म्हणून त्यांची जबाबदारी संपत नाही. उलट वही हातात असली की भांडणाला धार येते. आमच्या वहीतून तीन महिन्यांत निघाले की जागा नाही म्हणून परत गेलेल्यांत बहुतेक कुटुंबे होती, एकटी माणसे नव्हती. ते पान घेऊन आम्ही वॉर्ड ऑफिसला गेलो आणि कुटुंबांसाठी वेगळा मजला मागितला. अर्ज आवक झाला आहे, उत्तर आलेले नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत. शेजारच्या दोन विहारांनी आपापल्या वह्या घेऊन सोबत यायचे कबूल केले आहे. त्या मुलीची आईही येते म्हणाली आहे. तिची दीड वर्षाची लस त्याच सकाळी आहे, ती आधी टोचून घेऊ.