यात्रेची वर्गणी एक, वाटेकरी चार; कात्री मात्र तमाशालाच

नारायणगाव : जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत रामनवमी ते हनुमान जयंती हे सात दिवस म्हणजे वर्षातला सगळ्यात गर्दीचा आठवडा. एका गावात काल्याचं कीर्तन, शेजारच्या गावात कुस्त्यांचा आखाडा, ओढ्यापलीकडे बैलगाड्यांचा घाट आणि रात्री कुठेतरी तमाशा. मुंबईचे डबेवाले दर चैत्रात पाच-सहा दिवस डबे बंद ठेवतात, ते याच यात्रांसाठी. मावळ, मुळशीपासून आपल्या खेड, आंबेगाव, जुन्नरपर्यंतची ही माणसं ग्रामदैवताला चुकवत नाहीत.

यात्रा मोठ्या होतायत, यात वाद नाही. पण यात्रेच्या चार भागांपैकी एक भाग आकसत चाललाय. तो का आकसतोय, हे यात्रा कमिटीच्या बैठकीतला हिशोब पाहिला की कळतं.

पैसा कुठून येतो, कुठे जातो

बहुतेक गावांत यात्रेचा खर्च घरटी वर्गणीतून उभा राहतो. त्यात मुंबईकर मंडळाची भर पडते. या पैशाचे वाटेकरी मुख्यतः चार : हरिनाम सप्ताह, कुस्त्या, बैलगाडा शर्यत आणि तमाशा. मांडव डहाळे, हारतुरे, शेरणी हा खर्च त्या मानाने किरकोळ.

आता प्रत्येकाचं गणित बघा. सप्ताहाच्या पंगती अन्नदात्यांनी आधीच वाटून घेतलेल्या असतात. कुणाकडे सकाळचा नाश्ता, कुणाकडे संध्याकाळचं जेवण. कीर्तनकारांचं मानधनही बऱ्याचदा एखादं घर उचलतं. त्यामुळे वर्गणीवर बोजा कमी. कुस्त्यांत नारळापासून सुरुवात होते, आणि मोठ्या जोडीचं इनाम आखाड्यातच कुणीतरी पुकारतं.

घाटाचा खर्च मोठा. पण घाटाला देणारेही मोठे. पहिल्या नंबरची बक्षिसं पुढारी, बागायतदार, ठेकेदार देतात, कारण दिवसभर स्पीकरवरून त्यांचं नाव पुकारलं जातं आणि फ्लेक्सवर फोटो लागतो. २०२२ मध्ये चिखलीच्या शर्यतीत तर पहिलं बक्षीस जेसीबी होतं.

राहिला तमाशा. तमाशाच्या सुपारीला कुणी देणगीदार पुढे येत नाही. रात्रीच्या तमाशावर स्वतःचं नाव लावायला पुढारी कचरतात. म्हणून सुपारीचा सगळा भार वर्गणीवर. वर्गणी कमी पडली की पहिली कात्री तिथेच बसते. लोकांना तमाशा आवडेनासा झाला, असं सरसकट म्हटलं जातं. पण आवडीच्या आधी हे गणित बदललेलं आहे.

वर्गणी का घटते

यात्रेचा हंगाम आणि उन्हाळ कांद्याची काढणी एकाच वेळी येते. बाजारभाव बरा असेल तर पट्टी न मागता जमा होते. भाव पडला की कमिटीला दोन-दोन चकरा माराव्या लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ ला उठली. म्हणजे त्या वर्षीचा जवळजवळ सगळा चैत्र निर्यातबंदीतच गेला. दिल्लीतला आदेश यात्रेच्या मांडवापर्यंत पोहोचतो तो असा.

पश्चिम पट्ट्यात कांदा नाही, तिथे हिरडा आहे. भीमाशंकरच्या अंगाला, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या आदिवासी गावांत पळस आणि पांगारा फुलून गेला की बाळहिरड्याची झोडणी सुरू होते. ज्या घराला कांदा-ऊस नाही, त्याचा उन्हाळ्यातला रोख पैसा हाच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातली हिरड्याची झाडं मुळासकट गेली. हिरड्याचं झाड दोन-चार वर्षांत परत उभं राहत नाही. त्यामुळे त्या गावांच्या यात्रेचा हात आखडला, तो अजून पुरता सैल झालेला नाही.

घाट परत आला, खर्चही घेऊन आला

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने शर्यती बंद पडल्या. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. मधली साडेसात वर्षं गाडामालकांनी कशी काढली, ते त्यांनाच माहीत. खिल्लार बैल नुसता दावणीला बांधून पोसणं साधं नाही. त्यामुळे घाट सुरू झाल्याचा आनंद खरा आहे.

पण परवानगीला अटी आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, अनामत रक्कम, पशुवैद्यकीय तपासणी, धावपट्टी हजार मीटरच्या आत, चाबूक-काठी-शॉक बंद. बैलाला क्रूरपणे वागवलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. या अटी योग्यच आहेत, बैलाच्या जिवाचा प्रश्न आहे. मात्र त्या पाळण्याचा खर्च बक्षीस देणारा करत नाही, तो कमिटीच्या पिशवीतून जातो. बक्षीस पुढाऱ्याचं, बॅरिकेड आणि ॲम्ब्युलन्स गावाची. बंदीच्या काळात जो पैसा रात्रीच्या कार्यक्रमाला मिळायचा, त्यातला मोठा हिस्सा आता घाटाकडे वळलाय.

दहाची घंटा

दुसरी अडचण वेळेची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत १२ वाजेपर्यंत वाढवू शकतं. पण हे १५ दिवस अख्ख्या जिल्ह्याचे. शिवजयंती, गणेशोत्सव, नवरात्र यांत ते बहुतेक संपतात. गावोगावच्या यात्रांच्या तारखा वेगवेगळ्या, त्यांच्या वाट्याला फार काही उरत नाही.

तमाशाची बांधणीच रात्रभराची. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग. जेवणं उरकून माणसं नऊला मांडवात येतात. दहाला बंद करायचं म्हटलं तर गवळणीतच खेळ आटोपतो. वग होतच नाही. मग कमिटीत कुणीतरी म्हणतो, एवढे पैसे तासाभरासाठी कशाला? त्यापेक्षा ऑर्केस्ट्रा आणू. तो स्वस्त पडतो आणि त्याला कथा पुरी करायची नसते.

नियमाची दुसरी बाजूही आहे. परीक्षेला बसलेली पोरं, आजारी माणसं, तान्ही लेकरं गावात असतातच. शिवाय बिबट्या. जुन्नर वन विभागात हेच चार तालुके येतात. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आपल्याच भागात आहे. चैत्रापर्यंत बराचसा ऊस तुटलेला असतो, उसात दडणारा बिबट्या उरलेल्या रानात, वस्तीच्या कडेला सरकतो. पहाटे तीनला खेळ सुटल्यावर बांधावरून एकट्याने घरी जाणं आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. वाड्या-वस्त्यांवरची माणसं, विशेषतः बाया, रात्रीच्या कार्यक्रमाला येईनाशा झाल्यात, त्याचं हेही एक कारण.

फडाचं वर्ष या काही आठवड्यांवर

कमिटीच्या दृष्टीने हा एका रात्रीचा निर्णय. फडाच्या दृष्टीने वर्षाचा. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्ध पौर्णिमेला संपतो. त्यात खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या यात्रांची. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या कमिट्या तिथे येऊन सुपारी ठरवतात. म्हणून तर नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. राज्य सरकारचा तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.

फडात नाच्या, सोंगाड्या, ढोलकीवाला, गाणारणी इथपासून ड्रायव्हर, मांडववाले, आचारी इथपर्यंत माणसं असतात. हंगामाआधी कलावंतांना उचल द्यावी लागते. ती द्यायला फडमालक व्याजाने पैसे काढतो. यात्रांच्या तारखा भरल्या की व्याज फिटतं. तारखा रिकाम्या गेल्या की कर्ज पुढच्या दसऱ्यावर जातं. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता आणि देशभरातली टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. राहुट्यांतून सुपाऱ्या सुटण्याच्या ऐन मोसमात सगळं थांबलं. २०२१ चा चैत्रही निर्बंधांतच गेला. सलग दोन हंगाम बुडाल्यावर काही कलावंत मजुरीला लागले, ते परत आलेच नाहीत.

गावाच्या हातात काय आहे

दहाचा नियम गावाला बदलता येत नाही, कांद्याचा भावही नाही. पण काही गोष्टी कमिटीच्याच हातात आहेत.

एक, वेळ. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेऱ्यांची रीत आपल्याकडे जुनी आहे. हजेरीला दहाचा नियम आडवा येत नाही, बिबट्याची धास्ती नसते आणि बायापोरंही येऊन बसतात. रात्री गण-गवळण आणि दिवसा वग, अशी वाटणी फडाशी सुपारी ठरवतानाच बोलून घेता येईल. संध्याकाळी सातला खेळ सुरू करायचा तर पंगत आधी उरकावी लागेल, एवढंच.

दोन, पैसा. घाटाला बक्षीस देणाऱ्याकडून घाटाचा व्यवस्था खर्चही घ्यावा. बक्षीस त्यांचं आणि बॅरिकेड वर्गणीचं, हा हिशोब एकदा बैठकीत मांडला तरी बरंच साधेल. वर्गणीचा जमाखर्च यात्रेनंतर आठ दिवसांत देवळाच्या फळ्यावर लागला, तर पुढच्या वर्षी पट्टी द्यायला कुणी कुरकुर करत नाही.

तीन, कलावंतांची सुरक्षा. मांडवात दारू पिऊन धिंगाणा, स्टेजवर चढणं, बायांच्या राहुटीत डोकावणं, दगडफेक हे प्रकार काही गावांत होतात. त्यामुळे फड त्या गावाला जायला नको म्हणतो आणि गावातली शहाणी माणसंही तमाशा नको म्हणतात. कमिटीने पोलिसांना आधी कळवलं आणि गावची दहा पोरं जबाबदारीने उभी केली तर हे थांबतं. सुपारी ठरवणं म्हणजे त्या रात्री ही माणसं गावची पाहुणी आहेत, हे मान्य करणं.

चार, परत जाणं. खेळ सुटल्यावर वस्त्यांकडे जाणाऱ्यांनी घोळक्याने, बॅटरी लावून, मोठ्याने बोलत जावं. पोरांना मध्ये ठेवावं. ट्रॅक्टर-ट्रॉलीची एक फेरी कमिटीने ठेवली तर आणखी चांगलं.

वाद सप्ताह विरुद्ध तमाशा, किंवा घाट विरुद्ध तमाशा असा नाही. ज्या घरचा गाडा सकाळी घाटात असतो, त्याच घरची म्हातारी सप्ताहात पारायणाला बसते आणि त्याच घरचा पोरगा रात्री मांडवात पुढे बसतो. यात्रा या सगळ्यांची मिळून होते. फरक इतकाच, की कीर्तनाला अन्नदाता आहे, घाटाला पुढारी आहे, आखाड्याला इनाम पुकारणारा आहे. तमाशाला फक्त गाव आहे. कमिटी सुपारी ठरवायला बसेल तेव्हा एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.